डावीकडचा पडदा

"मामा, ब्रेक दाबा."

माझे शब्द माइकमधून केबिनमध्ये पोचेपर्यंत सायकलवाला ट्रकच्या डाव्या चाकाखाली आला होता. पडद्यावर लाल अक्षरं उमटली, इंजिनाची घरघर थांबली आणि लिंबाजी मगरे दार उघडून खाली उतरले. एसी लावलेल्या खोलीतही त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"हा आला कुठून?" त्यांनी विचारलं.

"डावीकडच्या बोळातून. चांगला लांबून दिसत होता."

"तुमच्या मशीनमधी माणसं जमिनीतून उगवायलीत. खऱ्या रोडवर असं कोणी येत नाही. डोकं गरगरायलंय माझं."

गरगरण्याचं मला नवल वाटलं नाही. जुन्या ड्रायव्हरांपैकी बऱ्याच जणांना तसं व्हायचं. समोरचा रस्ता वळायचा, पण बुडाखालची सीट जागची हलायची नाही. उभा जन्म खऱ्या गाडीत गेलेल्या माणसाच्या पोटात त्यानं कालवायचं. नवख्यांना मात्र काही होत नसे.

जालन्याच्या बायपासला लागून आमचं प्रशिक्षण केंद्र होतं. तिथं सिम्युलेटर येऊन थोडेच महिने झाले होते. ट्रकची खरी केबिन कापून आणून चौथऱ्यावर बसवलेली. स्टिअरिंग खरं, क्लच खरा, गिअरचा दांडाही खरा. फक्त काचेबाहेरचं जग खोटं. समोर एक मोठा पडदा, उजवीकडे एक, डावीकडे एक. मी मागं काचेआडच्या टेबलापाशी बसायची. बटणं दाबून मी पाऊस पाडू शकत होते, धुकं आणू शकत होते, रस्त्यात शेळ्या सोडू शकत होते.

मला ही नोकरी मिळाली ती गेममुळे. कॉलेजात असताना मला ट्रक चालवण्याच्या कॉम्प्युटर गेमचं वेड होतं. मुली मालिका बघायच्या तेव्हा मी कुठल्याशा थंड देशात लाकडाचे ओंडके भरून डोंगर उतरत असायची. पुढं जड वाहनाचं लायसन्सही काढलं, पण खरा ट्रक मी आमच्या मैदानाबाहेर नेला नव्हता. हे ड्रायव्हर लोकांना ठाऊक होतं. ते मला गेमवाल्या मॅडम म्हणत, तोंडावरसुद्धा.

तोवर ते हसण्यावारी जायचं. पण सळ्या बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यानं नियम काढला की आमचं प्रमाणपत्र असल्याशिवाय कुणाचीही गाडी गेटच्या आत घ्यायची नाही. हसणारे लोक गुरकावायला लागले. म्हणून मगरेमामांचं पास होणं मला हवंच होतं. त्या भागात त्यांचं नाव होतं. अवजड माल भरून ते असले असले घाट उतरले होते की बाकीचे ड्रायव्हर त्यांच्या गोष्टी चहाच्या टपरीवर सांगत. मगरेंनी मशीन मानलं की बाकीचे आपोआप मानतील, असा माझा हिशोब होता.

आणि मगरे दर खेपेला आपटत होते. तेही एकाच बाजूला.

त्या दिवशी मी त्यांना पाणी दिलं आणि म्हटलं, "आज राहू द्या मामा. परत या."

दाराबाहेर बाकावर त्यांची बायको बसली होती. कुशावर्ता तिचं नाव. पंचेचाळिशीच्या आसपासची, सडपातळ, पदर खोचलेली. गेली दोन वर्षं ती नवऱ्याबरोबर ट्रकमध्येच असायची. क्लीनरला काढून टाकून मगरेंनी बायकोला शेजारी बसवलं, यावर टपरीवर भरपूर विनोद झाले होते. म्हातारपणी प्रेम उतू चाललंय, असं लोक म्हणायचे. ती कुणाला उत्तर देत नसे.

मगरे तोंड धुवायला गेले तशी ती आत आली.

"मॅडम, मी बसू का यांच्या बाजूला? नुसती बसते. कशाला हात लावणार नाही."

"नियमात नाही बसत, मामी."

"ते एकटे चालवीतच नाहीत ना कधी. एकटं बसवलं की बावरत्यात."

मला ते पटलं. माणसाला सवयीचं माणूस शेजारी असलं की धीर येतो, पोटातलं कालवणंही थांबत असेल, असं वाटलं. आमचे पैठणे सर केंद्राचे प्रमुख. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "वृंदा, बसू दे की. पास होऊ दे एकदाचे. मगरे नापास झाले तर उद्या इथं कुत्रं फिरकणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं केबिनमध्ये चढली. ते उजवीकडे, ती डावीकडे. मी तोच रस्ता लावला. अरुंद बाजारपेठ, मग पूल, मग घाट.

मी तसा माणूस ट्रक चालवताना पुन्हा कधी पाहिला नाही. बाजारातून त्यांनी गाडी अशी काढली की कुठं धक्का नाही, हिसका नाही. सायकलवाला आला, त्याच्याआधीच ट्रक सावकाश झाला. हातगाडी आडवी आली, ट्रक थांबला. घाटाच्या उतारावर गिअर इतक्या वेळेवर पडत होते की मी गुणपत्रक बघायचं सोडून नुसती ऐकत बसले. बाहेर जमलेल्या ड्रायव्हरांनी काचेला नाकं लावली होती. पैठणे सर टाळ्या वाजवत आत आले.

"छाप प्रमाणपत्र," ते म्हणाले. "मी सही करतो."

मी प्रिंटरकडे वळले आणि थांबले. कानाला हेडफोन होता. केबिनमधला आवाज मला सगळा वेळ ऐकू येत होता, पण नवराबायकोचं पुटपुटणं म्हणून मी त्याच्याकडं लक्ष दिलं नव्हतं. आता ते डोक्यात परत वाजायला लागलं. ती मधूनमधून दोनच शब्द बोलत होती. "आलं." थोड्या वेळानं, "गेलं." मग गप्प. मग पुन्हा, "आलं."

"सर, अजून एक फेरी घेते," मी म्हटलं.

"कशाला? शंभरातले सत्त्याण्णव मिळालेत त्यांना."

"माझ्या समाधानासाठी."

सर खांदे उडवून गेले. मी माइकवर सांगितलं, "मामा, छान झालं. हायवेवर अजून एकदा थोडंसं चालवून दाखवा."

"दाखवतो की." त्यांचा आवाज खुशीत होता. "आता जमलं तुमचं मशीन."

मी सरळ, रिकामा हायवे लावला. ट्रक वेगात आला. माझा हात बटणावर होता आणि ते दाबू नये असं मला फार वाटत होतं. तरी मी दाबलं.

डावीकडचा पडदा काळा झाला. झाडं, शेतं, बाजूचा आरसा, सगळं गेलं. केबिनच्या डाव्या खिडकीबाहेर नुसता अंधार.

कुशावर्ताबाईंची मान ताठ झाली. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग हळूच मागं वळून काचेतून माझ्याकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटून त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

मगरे चालवतच होते.

"मामा," मी विचारलं, "डावीकडं काय दिसतंय?"

ते क्षणभर थांबले. बायकोकडून शब्द आला नाही, म्हणजे त्यांच्या लेखी त्याचा अर्थ ठरलेला होता.

"मोकळं हाय," ते म्हणाले. "सगळा रोड मोकळा हाय."

मी मशीन बंद केलं.

*

बाहेर मैदानाच्या कडेला लिंबाचं झाड होतं. कुशावर्ताबाई मला तिथं घेऊन गेल्या. मगरे केंद्राच्या दारातल्या पायरीवर बसून बिडी ओढत होते. त्यांना अजून काहीच कळलं नव्हतं.

"काचबिंदू हाय," त्या म्हणाल्या. "डावा डोळा पुरता गेला. उजव्याचंबी डावं अंग काळं व्हायलंय. थेंब घालतो, म्हणून तेवढा तरी राहिलाय. समोरचं लख्ख दिसतंय त्यांना, मॅडम. उजवीकडचं दिसतंय. डावीकडं मी हाय."

"कधीपासून?"

"एका हातगाडीला घासली गाडी. केळीवाला होता. तो वाचला, पण त्या दिवशी मला कळलं. दुसऱ्या दिवसापासून मी बसायला लागले. तेव्हापासून कुणाला ओरखडा नाही लागला."

"आणि तुम्ही आजारी पडलात तर? तुम्हाला डुलकी लागली तर?"

"मी झोपत नाही."

त्यात बढाई नव्हती, खरं तेच त्या सांगत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला तेव्हा दिसली.

"गाडी आमची हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात तेवढी एकच गोष्ट त्यांनी सोताच्या जिवावर उभी केली. गेटातून आत नाही गेलो तर गाडी दारात गंजायची. एका सहीचा तर सवाल हाय. तुम्ही बटण दाबलं नसतं तर तुम्हालाबी कळलं नसतं."

"पण कळलंय ना मामी आता."

"मग विसरा."

मी म्हणाले, "मी पास करणार नाही. एकदा नाही, शंभर वेळा आलात तरी नाही."

त्यांनी पदर पुन्हा खोचला. "बरं. पण डोळ्याचं कुणाला सांगू नका. त्यांना ड्रायव्हर म्हणूनच राहू द्या लोकांत."

"पण गाडी ते चालवणार नाहीत. हे कबूल असेल तर नाही सांगणार."

त्यांनी मान हलवली. मग पायरीपाशी जाऊन त्या नवऱ्याच्या बाजूला बसल्या आणि हलक्या आवाजात काहीतरी सांगितलं. मगरे उठले. माझ्यापाशी आले, अगदी जवळ.

"बाई, तू खुर्चीत बसून खेळणारी," ते म्हणाले. पहिल्यांदाच ते माझ्याशी एकेरीवर आले. "खेळण्यातली गाडी, खेळण्यातला रोड. आन माझा जन्म तू एका बटणावर ठरवणार?"

"मामा, केळीवाल्याच्या जागी उद्या शाळेतलं पोर असेल."

त्यांच्या हातातली बिडी विझली होती. ती त्यांनी तशीच खिशात टाकली, बायकोसाठीही थांबले नाहीत आणि फाटकातून चालत गेले.

*

पुढचे दिवस वाईट होते. मगरे नापास झाले एवढंच लोकांना कळलं. सत्त्याण्णव गुण मिळालेला माणूस नापास कसा, हे कुणालाच उमगेना, आणि मी सांगू शकत नव्हते. टपरीवर मला चहा मिळेना. माझ्या स्कूटीची हवा कुणीतरी दोनदा सोडली. पैठणे सर माझ्याशी तुटक बोलू लागले. मला राजीनामा द्यावासा वाटला होता, नाही असं नाही. पण काळ्या पडद्याशेजारी बसून "मोकळं हाय" म्हणणारा तो आवाज आठवला की मी दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जायची.

मग एके दुपारी कुशावर्ताबाई एकट्याच आल्या.

"मशीनवर बाईमाणसाला बसता येतं का?"

मी हेडफोन काढून ठेवला.

"गाडीवर भाड्याचा ड्रायव्हर ठेवलाय," त्या म्हणाल्या. "क्लच जाळायलाय. मला आवाजावरून कळतंय, पण त्याला सांगायला गेलं तर हसतो. मी बघून बघून शिकलेय, मॅडम. गिअर कुठं पडतो, दम कुठं कमी व्हतो, सगळं पाठ हाय. फक्त हातपायांनी केलेलं नाही."

"मामा काय म्हणतात?"

"ते काहीच म्हणत नाहीत. त्या दिवसापासून बोलतच नाहीत."

मी केबिनचं दार उघडलं. त्या सवयीनं डावीकडं निघाल्या, मग थबकल्या आणि उजवीकडून वर चढल्या.

त्यांना काहीच येत नव्हतं. सगळं माहीत होतं आणि काहीच येत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी ट्रक तीनदा शेतात घातला. दोन वर्षं डावीकडून रस्ता बघितलेला, त्यामुळं उजवीकडे बसल्यावर त्या गाडी सारखी डाव्या कडेला ओढायच्या. मला वाटलं, आता परत यायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याआधी फाटकात हजर होत्या.

सुरुवातीला मी त्यांना जीप शिकवली आणि तिचं लायसन्स काढायला लावलं. त्यानंतर जड वाहनासाठी नियमाप्रमाणं वर्षभर थांबावं लागलं. ते वर्ष त्यांनी सिम्युलेटरवर काढलं. रोज दुपारी, ड्रायव्हर जेवायला गेले की आमचा तास सुरू व्हायचा. मी धुकं लावायची, टायर फोडायची, घाटात ब्रेक काढून घ्यायची. गाडी एकदा उलटली की त्या म्हणायच्या, "परत लावा तोच." कधी त्यांचं बघून मीही मैदानातला खरा ट्रक काढायची आणि त्या शेजारी बसून माझ्या चुका सांगायच्या. मैदानाबाहेर गाडी मी पहिल्यांदा नेली ती त्यांच्याच धाकानं.

हळूहळू काचेपाशी बघे जमू लागले. सुरुवातीला खिदळायला. मग नुसते बघायला. एकदा एका तरण्या ड्रायव्हरनं हसत विचारलं, "मामी, मामांना काय सैपाकघरात बसवलं का?" त्या स्टिअरिंगवरचा हात न काढता म्हणाल्या, "बसतील की. भाकरी येती त्यांना." पण त्या दिवशी उतरताना त्यांचे डोळे भरलेले होते.

"घरी जेवण वाढते तर ताटाकडं बघत्यात, माझ्याकडं नाही," त्या म्हणाल्या. "मी त्यांची जागा घ्यायलेय असं वाटतंय त्यांना."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला बी तसंच वाटतं कधी कधी," त्या म्हणाल्या. "तरी मी सोडायची नाही."

जड वाहनाची परीक्षा त्या पहिल्या फटक्यात पास झाल्या. आमच्या सिम्युलेटरवर नव्वदाच्या वर गुण पडले. प्रमाणपत्रावर पैठणे सरांनी सही केली, आणि सही करून झाल्यावर मला म्हणाले, "त्या वेळी मगरेंचं काय होतं, ते मी विचारत नाही."

पहिली खेप कारखान्यातून सळ्या भरायची होती. कुशावर्ताबाईंनी मला बरोबर यायला सांगितलं. सकाळी त्यांच्या घरासमोर गेले तेव्हा ट्रक धुवून पुसून उभा होता. भाड्याच्या ड्रायव्हरला निरोप दिलेला. त्या वर चढल्या, मी मधल्या जागेवर बसले. आम्ही निघणार एवढ्यात घराचं दार वाजलं.

मगरे बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. डोळ्यांवर काळा चष्मा. ते चाचपडत नव्हते, पण पावलं मोजूनमापून टाकत होते. गाडीला वळसा घालून त्यांनी डावं दार उघडलं आणि वर येऊन बसले.

कुशावर्ताबाईंनी गाडी सुरू केली. त्यांचे हात घट्ट झाले होते, मला दिसत होतं. कोपऱ्यावर पहिला गिअर जरा कडक पडला. मला वाटलं, आता मगरे काहीतरी टोचून बोलतील. ते समोर बघत राहिले. बायपासवर एक टँकर आमच्या अंगावर आला, कुशावर्ताबाईंनी गाडी शांतपणे बाजूला घेतली, तो गेला. मगरेंच्या गुडघ्यावरची मूठ वळली आणि सुटली. बस, एवढंच.

कारखान्याच्या गेटवर ट्रकांची रांग होती. आमचा नंबर आला तसा सिक्युरिटीवाला पुढं आला. मगरेंना तो ओळखत होता. तो डाव्या खिडकीपाशी थांबला, वर बघून म्हणाला, "राम राम मामा. लई दिवसांनी. गाडी तुमचीच ना? ड्रायव्हर कुठंय? त्याला खाली पाठवा, सही लागतीय."

मागच्या ट्रकांतले दोनतीन ड्रायव्हर खाली उतरून बघत उभे होते. इंजिन सुरूच होतं.

मगरेंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. खिडकीवर कोपर टेकवून ते बाहेर वाकले आणि मागच्या लोकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "मला आता दिसत नाही, बाबा. काचबिंदू हाय." मग त्यांनी मान वळवून, माझ्यावरून पलीकडे बायकोकडे बोट केलं.

"ड्रायव्हर ह्या हायेत."

लग्नाला सव्वीस-सत्तावीस वर्षं झालेली. मगरेंनी बायकोला कधी "ही" शिवाय दुसरं काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. सिक्युरिटीवाला क्षणभर गोंधळला, मग रजिस्टर घेऊन गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेला.

"मॅडम, सही," तो म्हणाला.

मी हात पुढं करणार होते. पण त्यानं रजिस्टर माझ्याकडे नाही, कुशावर्ताबाईंकडे धरलं होतं.